वाचलंय की!

भाऊबीजेला भावाचा मुलगा घरी आला होता. मराठीत एम.ए. करतोय. आमच्या घराण्यात बी.कॉम. नाहीतर इंजिनीअर असे दोनच प्रकार, त्यामुळे त्याच्याकडे सगळे जरा काळजीनेच बघतात. जेवणं झाल्यावर मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "सध्या काय वाचतोयस?"

"कोसला. तू वाचली असशीलच ना, आत्या?"

"म्हणजे काय! वाचलीय की!"

भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी वाचलीय, हे मी १९९१ पासून सांगत आलेय. एफ.वाय.ला असताना कॉलेजच्या कँटीनमध्ये पहिल्यांदा सांगितलं, समोर एक दाढीवाला मुलगा बसला होता म्हणून. मग ते अंगवळणीच पडलं. बोलताना 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे कोसलातले दोन शब्द मधूनमधून पेरले की पुढे कुणी काही विचारत नाही.

भाचा म्हणाला, "मनीचं वाचल्यावर मला दोन दिवस काही सुचलंच नाही गं."

मी मान डोलावली आणि अनुभवी चेहरा करून म्हटलं, "त्या वयातलं प्रेम तसंच असतं रे."

तो काही बोलला नाही. चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि दिवाळी अंकांबद्दल बोलायला लागला. तो गेल्यावर मी फोनवर शोधलं. मनी ही कोसलाच्या नायकाची, पांडुरंग सांगवीकरची, धाकटी बहीण. देवी येऊन वारते ती.

त्या रात्री झोप लागली नाही. खोटं पकडलं गेल्याचं एवढं काही नाही, ऑफिसात ऑडिटच्या वेळी आम्ही याहून मोठं निभावून नेतो. पण तो पोरगा खरंच काहीतरी सांगायला आला होता आणि मी त्याला कँटीनमधलं उत्तर दिलं, ते टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर जुन्या डायरीच्या मागच्या पानावर यादी केली. न वाचता 'वाचलंय की' म्हणून सांगते अशी पुस्तकं. प्रामाणिकपणे केली, एकोणीस निघाली. त्यांतली काही शाळेतल्या धड्यापुरती माहीत, काहींचा सिनेमा बघितलेला, काही नवऱ्याने जेवताना सांगितलेली, आणि काही तर कशी माहीत झाली तेही आठवेना. लग्नाच्या स्थळाची जशी ऐकीव माहिती असते ना, मुलगा शांत आहे, घर चांगलं आहे, तशी ही सगळी ऐकीव पुस्तकं.

डोंबिवलीत स्टेशनवरून घरी येताना रोज एका वाचनालयावरून जाते. वीस वर्षं जातेय, आत कधी गेले नव्हते. अनामत भरली, दोन फोटो दिले, वर्गणी भरली, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक असं कार्ड मिळालं. मुक्तद्वार नाही. कपाटांपाशी आपण जायचं नाही, काउंटरवर नाव सांगायचं आणि बाई आतून पुस्तक आणतात. हे मला फारच सोयीचं झालं. कपाटासमोर उभी राहिले असते तर त्या एकोणीसमधलं एकही उचललं नसतं, पाककृतींकडे वळले असते.

कोसलाची प्रत कापडी बाइंडिंगची. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर तिसरी. नेमाड्यांनी ही कादंबरी लिहिली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, १९६३ साली, आणि तिच्यातला पांडुरंगही पंचवीसचाच. मी एक्कावन्नची. पहिला आठवडा अक्षरशः मारामारीत गेला. चार पानं झाली की हात आपोआप फोनकडे. फोन स्वयंपाकघरात ठेवला तर पाणी प्यायला उठायची. शेवटी ठरवलं, वाचायचं ते फक्त गाडीत. जाताना दादरपर्यंत आणि येताना बसायला मिळालं तर. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून, एका हाताने वरची कडी धरून, एका हातात पुस्तक. पान उलटायला अंगठा कसा वापरायचा ते दोन दिवसांत जमतं.

मला तीस वर्षं सगळ्यांनी सांगितलं होतं की ही फार उदास कादंबरी आहे, तरुणांच्या निराशेची वगैरे. (बघा, आला शब्द.) ही कादंबरी किती विनोदी आहे ते मला एकानेही सांगितलं नव्हतं! ते वसतिगृह, ती मेस, ती परीक्षा, ते गावाकडून आलेल्या पैशांचं पाणी करणं. मुलुंडला मी एवढ्या मोठ्याने हसले की समोरच्या बाईंनी कानातले इयरफोन काढून बघितलं. बाप मात्र मला पांडुरंगापेक्षा जास्त पटला, हे वयाचं असणार. विशीत वाचली असती तर पांडुरंगाच्या बाजूने असते. आता मी मनातल्या मनात त्याच्या खर्चाचा हिशेब लावत होते.

या प्रतीत आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलने शेरे मारले आहेत. बारीक, सुबक अक्षर, बहुधा निवृत्त शिक्षक. 'हे अनावश्यक.' 'व्याकरण?' एके ठिकाणी तर 'हा मुलगा अभ्यास का करत नाही?' आणि खाली दोनदा रेघ. मला त्या माणसाची सवय होऊन गेली. पुढच्या पानावर काय म्हणतोय ते बघायची घाई व्हायची. आणि मग मनीची पानं आली. हसत हसत तिथवर आलेय आणि एकदम जमीनच नाही. मी दादरला उतरायचं विसरले, परळला उतरले, फलाटावरच्या बाकावर बसून तो भाग संपवला आणि ऑफिसला लेट मार्क घेतला. पेन्सिलवाल्याने त्या पानांवर काहीही लिहिलेलं नाही. पुढे पंधरा-वीस पानं नुसती कोरी जातात, मग कुठेतरी पुन्हा 'व्याकरण?' सुरू होतं.

रात्री भाच्याला फोन केला. म्हटलं, "मनीचं वाचलं रे."

तो म्हणाला, "हं." मग जरा वेळाने, "मला वाटलंच होतं तू वाचली नसशील."

"मग बोलला का नाहीस?"

"भाऊबीज होती ना."

शेवटाबद्दल मात्र माझं आणि त्याचं जमलं नाही. मला शेवटचा भाग लांबला असं वाटतं, गावाकडे परत आल्यावरचा. तो म्हणतो तेच तर खरं पुस्तक आहे. असेल. मी परीक्षेला बसणार नाहीये.

कोसला संपल्याच्या उत्साहात 'मृत्युंजय' आणलं, आणि तिथे तोंडावर आपटले. खरं तर हे यादीत नवऱ्यामुळे आलेलं. त्याने शाळेत असताना ते तीनदा वाचलंय आणि कर्णाबद्दल अजून बोलला की त्याचा आवाज बदलतो. शिवाजी सावंतांचं १९६७ चं पुस्तक, घरोघरी असतं. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्ण अशा सहा जणांनी आपापल्या तोंडाने कथा सांगायची ही कल्पना मला फार आवडली. पण पुढे चाळून बघितलं तर सहाही जण मला एकाच माणसासारखे बोलताना दिसले. सगळ्यांना उपमा सुचतात. सूर्य उगवला की पान, सूर्य मावळला की पान. पान २१२ वर मी थांबले. नवऱ्याला सांगितलं तर त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तू चुकीच्या वयात वाचतेयस." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चौदाव्या वर्षी मीही रडले असते. तरी पण न आवडलेलं पुस्तक पूर्ण करायचं नाही हा नियम मी तिथेच केला, आणि यादीत त्याच्यापुढे अर्धी रेघ मारली.

मग 'स्मृतिचित्रे'. याचा धडा शाळेत वाचलेला, तेवढ्या भांडवलावर मी आजवर तीनचार समारंभांत लक्ष्मीबाई टिळकांबद्दल आदराने बोललेय. आदर हाच घोटाळा आहे. 'थोर आत्मचरित्र' म्हटलं की माणूस ते हळदीकुंकवाला दिलेल्या वाटीसारखं कपाटात ठेवून देतो, वापरत नाही. मला वाटायचं, जुन्या काळातल्या सोशिक बाईचं दुःख असणार, आणि ते मला संध्याकाळच्या गाडीत झेपणार नाही.

सोशिक कसली! ही बाई विलक्षण मिश्कील आहे. नाशिकजवळच्या जलालपूरची गोखल्यांची मुलगी, अकराव्या वर्षी लग्न, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, लिहायला-वाचायला नवऱ्याने शिकवलं. तर तिच्या वडिलांचं सोवळं. म्हणजे सोवळं आपण ऐकलेलं असतं, पण हे त्याच्या पलीकडचं, वेडच. बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुऊन वाळवल्याशिवाय चालायचं नाही. ते वाचून मी हसत होते तर शेजारच्या मुलीने विचारलं, काय वाचताय काकू? मी तिला तेवढं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे करोनात आपण दुधाच्या पिशव्या धूत होतो तसं." समोरच्या बाई म्हणाल्या, आमच्या सासूबाई अजून धुतात. मग ठाण्यापर्यंत डब्यात कोणाकडे काय काय धुवायचे याचीच चर्चा. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला शोधत आली, "त्या बाईंचं पुढे काय झालं?"

पुढे जे झालं ते मला मोठ्याने वाचून दाखवता आलं नाही. नवरा कवी, रेव्हरंड टिळक म्हणून आपण ओळखतो तो. घरातून सांगून जाईल याची खात्री नाही, हातात पैसा आला तर घरात पोचेल याची खात्री नाही. आणि मग १८९५ मध्ये मुंबईत त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही मागे राहिली, मूल घेऊन, नातेवाइकांच्या घरी, जवळजवळ पाच वर्षं. मला त्या माणसाचा इतका राग आला की दोन दिवस पुस्तक पिशवीतच राहिलं. गंमत म्हणजे लक्ष्मीबाईंना तेवढा येत नाही. चिडतात, रडतात, भांडतात, आणि लगेच पुढच्या वाक्यात त्याची नक्कल केल्यासारखं काहीतरी लिहितात, की आपल्याला हसू फुटतं आणि हसल्याबद्दल अपराधी वाटतं. सोवळ्यात वाढलेल्या या बाईने शिवाशिव सोडली ती नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही, स्वतःच्या डोक्याने विचार करून करून सोडली. त्या जागा मी दोनदा वाचल्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, नवऱ्याच्या पाच वर्षं मागून, आपल्या वेळेला.

१९३४ ते १९३६ च्या दरम्यान हे चार भागांत आलं. चौथा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही, मुलाने केला. तिथे आवाज बदलल्याचं लगेच जाणवतं. मुलगा नीट लिहितो, चूक काही नाही, पण घरातली बोलकी बाई उठून गेल्यावर दिवाणखाना होतो तसं होतं. मी तो भाग भराभर वाचला. यादीतलं एकच पुस्तक विकत घ्यायचं झालं तर हेच घेईन. घेतलंही. त्या ट्रेनमधल्या मुलीला दिलंय वाचायला, महिना झाला, परत आलेलं नाही.

'बनगरवाडी'वर फार बोलत नाही, कारण त्याबद्दल मला काही तक्रारच नाही आणि तक्रार नसली की मला बोलता येत नाही. अमोल पालेकरांचा सिनेमा बघितला होता, १९९५ चा, त्या जोरावर पुस्तक वाचल्याचं सांगायचे. व्यंकटेश माडगूळकरांची एवढीशी कादंबरी, दोन दिवसांत झाली. औंध संस्थानातला पोरसवदा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो आणि शाळेत पोरंच नाहीत. मग पत्रं लिहून दे, भांडणं मिटव, असं करत करत तो गावाचा होतो. सगळे मिळून तालीम बांधतात, ती बघायला राजा येतो, आणि मग पाऊस येत नाही. वस्तीतल्या शेकूकडे औताला दुसरा बैल मिळत नाही तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली उभी राहते. सिनेमात हे बघून मी हळहळले होते. पुस्तकात माडगूळकर हळहळायला जागाच ठेवत नाहीत, सांगतात आणि पुढे जातात. ते वाक्य मागे जाऊन शोधावं लागलं, खरंच एवढंच लिहिलंय का म्हणून.

आणि 'माझा प्रवास'. हे यादीत सतराव्या नंबरवर होतं आणि सगळ्यात नाखुशीने आणलं. गोडसे भटजी, १८५७, इतिहास. मला इतिहासाची पुस्तकं म्हणजे तोफा मोजणं वाटतं. पण पहिल्याच पानांत वरसई आली. पेण तालुक्यातली. आम्ही वर्षानुवर्षं पेणहून गणपती आणतो, वरसईची पाटी डोळ्यांखालून गेलेली. तिथल्या एका भिक्षुकाच्या डोक्यावर कर्ज आहे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असं त्याने ऐकलंय, तिथे दक्षिणा मिळेल म्हणून तो काकाला घेऊन निघतो. साल १८५७. महूच्या जवळ शिपाई भेटून सांगतात की आता गडबड होणार आहे. आणि हा मनुष्य परत फिरत नाही! दक्षिणेसाठी चाललाय ना तो.

मी हिशेबातली बाई, त्यामुळे मला हे पुस्तक हिशेबासारखंच वाचता आलं. कुठे काय मिळालं, कुठे लुटलं, पुन्हा मिळालं, पुन्हा लुटलं. झाशीत राणीच्या आश्रयाला असतानाच इंग्रजांचा वेढा पडतो. गोळे पडताहेत आणि भटजी स्नान, जेवण, कोण कुठे उतरलं होतं, सगळं सांगतात. शहर पडल्यावर लपून बसण्याचे ते दिवस वाचताना मात्र पोटात गोळा येतो. तिथे भटजी भटजी राहत नाहीत, एक घाबरलेला, तहानलेला माणूस राहतो.

नंतर काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटते. धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, मीच काढते. आणि म्हणते की मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला हे सगळं करायची काय गरज होती. आमच्या शाळेत राणीचं घोड्यावरचं चित्र होतं, पाठीला बांधलेलं मूल. विहिरीतून पाणी शेंदणारी राणी कुणी दाखवली नव्हती. भटजी अखेर घरी येतात ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतात. कर्जासाठी निघालेल्या माणसाचा ताळेबंद असा मिटतो.

हे त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिलं, आणि चिंतामणराव वैद्यांनी छापलं ते १९०७ मध्ये, तेही भाषेवर हात फिरवून. मूळ मोडी लिखाणावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलेली आवृत्ती वेगळी. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, कुठली देऊ? मला दोन आहेत हेच माहीत नव्हतं. "मूळ द्या," म्हटलं. पहिल्या दहा पानांत भाषा अडते, नंतर कानात बसते. बाईंनी कार्डावर शिक्का मारताना विचारलं, "तुम्ही यावर काही संशोधन करताय का?" मला इतका आनंद झाला की मी लगेच नाही म्हटलं नाही.

तर आता पाडवा आला. एकोणीसमधली चार पूर्ण, एक अर्धं. पुढचं 'बलुतं' मागितलंय. दया पवारांचं हे पुस्तक १९७८ मध्ये आलं तेव्हा आमच्या घरात त्याबद्दल बोललं जायचं, पण आणलं कुणी नाही. माझ्या यादीतल्या बाकीच्या खोट्यांना काही ना काही गमतीशीर कारण आहे, याला नाही. वाचनालयातली प्रत बाइंडिंगला गेलीय, पंधरा दिवसांनी या म्हणाल्या.

परवा ऑफिसात चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करत होती. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ कुणाला, असा प्रश्न होता. मी म्हटलं, खांडेकर, 'ययाति'ला. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही किती वाचता! ययाति वाचलंय तुम्ही?"

"वाचलंय की!"

ती पुढच्या प्रश्नावर गेली. मी डायरीचं मागचं पान उघडलं, एकोणीसच्या खाली वीस घातला.